एसी गरम हवा मारतो? गॅस भरण्याआधी हे बघा

दोन वर्षांत तीन वेळा गॅस भरला मी. दरवेळी गाडी दुकानात नेली की बॉनेट उघडायच्या आधीच उत्तर तयार असायचं, "गॅस संपला, भाऊ." संध्याकाळी गाडी ताब्यात मिळायची, हायवेला काढली की गारेगार, मी खूश. दुसऱ्या दिवशी दुपारी रेल्वे फाटकावर दहा मिनिटं उभा राहिलो की परत तीच भट्टी.

मी जळगावहून भाड्याची गाडी चालवतो. अजिंठा, पद्मालय, मुक्ताईनगर, शेगाव, आणि लग्नसराईत म्हणाल तिथे. मे महिन्यात ४४-४५ अंश आमच्याकडे बातमीसुद्धा होत नाही. अशाच एका दुपारी धुळ्याकडची एक आजी मागच्या सीटवर होती, लेकीकडे आलेली, मुक्ताईच्या दर्शनाला निघालेली. फाटक लागलं, मालगाडीचे डबे काही संपेनात, आणि जाळीतून गरम वारा सुरू झाला. आजीने थोडा वेळ पदराने वारा घेतला, मग म्हणाली, "बापू, जीव घाबरी ऱ्हायना, काच उघाड रे!" काचा उघडल्या तर बाहेरची झळ आतल्यापेक्षा बरी. एसी गाडीचं भाडं घेतलेलं होतं मी. मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी भुसावळला एका जुन्या मेकॅनिककडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी बॉनेटला हात न लावता विचारलं, "केव्हा गरम होतो? उभी असताना की पळताना? सकाळी की दुपारी? वारा कमी येतो, की वारा भरपूर येतो पण गरम?" माझी उत्तरं ऐकून म्हणाले, "गॅस नाही. बंपरमागची जाळी बघू." आणि तेच निघालं. त्या दिवसापासून मी माझ्या गाडीचा एसी स्वतः तपासतो, स्टँडवरचे चार जण विचारायला येतात. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय.

आधी डोक्यातला कूलर काढा

आपल्याकडे घरोघरी कूलर. टाकीत पाणी भरलं की थंड, संपलं की गरम वारा. त्यामुळे गाडीचा एसी गरम झाला की आपल्याला वाटतं, टाकी रिकामी झाली, गॅस भरा. पण एसीत टाकी नाही. गॅस बंद नळ्यांत फिरतो, तोच तो, वर्षानुवर्षं. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तो तापतो. पुढे रेडिएटरच्या तोंडाशी असलेल्या कंडेन्सरमध्ये तो बाहेरच्या हवेला उष्णता देतो आणि पातळ होतो, म्हणजे त्याचा द्रव होतो. मग एक्स्पान्शन वॉल्व्हच्या बारीक भोकातून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये सुटतो, तिथे उकळतो आणि उकळताना गाडीतली उष्णता ओढून घेतो. उकळायला चूल लागत नाही, कारण आपल्या बहुतेक गाड्यांतला आर-१३४ए गॅस मोकळ्या हवेत उणे २६ अंशालाच उकळतो. नव्या काही गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो. कोणता आणि किती ग्रॅम, ते बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं. लहान गाडीत साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे जेमतेम अर्धा किलो.

म्हणजे गॅस संपत नाही, गळतो. बऱ्याच वर्षांत कणाकणाने थोडा कमी होतो, ते धरून चाला. पण सहा महिन्यांत दोनदा "संपला" तर एकतर कुठेतरी भोक आहे, किंवा गॅस कमी नव्हताच. माझा दुसरा प्रकार होता. वर दुकानदाराने अंदाजाने थोडा जास्तच भरला होता आणि जास्त गॅसनेही एसी गरमच मारतो. पातळ गॅस कंडेन्सरमध्ये साचून राहतो, उष्णता टाकायला जागा उरत नाही, प्रेशर चढतं.

पहिली दहा मिनिटं

उन्हात तासभर उभी असलेली गाडी चालू करून लगेच "थंड करत नाही" म्हणू नका. सीट, छत, डॅशबोर्ड सगळं तापलेलं असतं. चारही काचा उघडा, ब्लोअर पूर्ण करा, मिनिटभर गाडी चालवा, आतली वाफ जाऊ द्या. मग काचा बंद करून हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबा, तेच ते गाडीच्या चित्रात वळलेला बाण असलेलं. हे बटण बंद राहिलं तर एसी बाहेरची ४४ अंशांची हवा थंड करत बसतो. स्टँडवर तिघांचे एसी मी नुसतं हे बटण दाबून "दुरुस्त" केलेत. एकाने चहा पाजला.

मग मोजा. हाताला थंड लागणं हे काही माप नाही, उन्हातून आलेल्या हाताला ३० अंशसुद्धा गार लागतं. काडीचा साधा थर्मामीटर घ्या, मधल्या जाळीत खोचा, ताप बघायचा मात्र नको, तो एवढं खाली दाखवत नाही. गाडी ४०-५०च्या वेगाने दहा मिनिटं चालवून आकडा वाचा, मग सावलीत उभी करून इंजिन चालू ठेवून पाच मिनिटांनी परत वाचा. सकाळच्या हवेत ६ ते १० अंश यायला हवेत. भर मेच्या दुपारी १२ ते १५ आले तरी मी तक्रार करत नाही. माझ्या गाडीचा त्या वेळचा हिशेब असा होता: पळताना १५, उभी केली की २७. हे दोन आकडे घेऊन मेकॅनिककडे गेलात की तो तुमच्याशी वेगळ्या आवाजात बोलतो.

वाराच कमी येत असेल तर

मग गॅसचा विषयच नाही. डाव्या सीटसमोरच्या डॅशबोर्डच्या कप्प्यामागचा एसी फिल्टर काढा. बहुतेक गाड्यांत कप्प्याच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली लोंबतो आणि मागे फिल्टरचं झाकण दिसतं. स्क्रू-ड्रायव्हरही लागत नाही. काही स्वस्त मॉडेलमध्ये फिल्टर नसतोच, नुसती जागा असते. सारंगखेड्याच्या यात्रेला दोन दिवस गाडी उभी होती, परत आल्यावर फिल्टर झटकला तर पायाशी पोळीच्या पिठाएवढी माती. झटकून एखाद्‌दोन वेळा चालतो, मग बदला. प्रेशरची हवा मारून फिल्टरला भोकं पाडू नका.

गाडी शेतात किंवा खळ्यावर उभी राहत असेल तर उंदीर आलाच. माझ्या शालकाच्या गाडीच्या ब्लोअरमध्ये उंदराने कापसाची अशी मऊ गादी केली होती, मधोमध तुरीच्या शेंगा. ब्लोअर घुंई-घुंई करायचा आणि वास असा की गाडीत बसवत नव्हतं. वास येत असेल, आवाज बदलला असेल, तर फिल्टरच्या जागेतून मोबाइलचा दिवा लावून आत बघा.

दुसरी गंमत पावसाळ्याची. सुरुवातीला मस्त थंड, अर्ध्या तासाने वारा कमी-कमी होत जातो, गाडी बंद करून पंधरा मिनिटं थांबलं की परत सगळं ठीक, वर बोनेटखालून धबधब पाणी. म्हणजे कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. कॉइल गोठायच्या बेताला आली की कॉम्प्रेसर बंद करायला एक सेन्सर असतो. तो बिघडला किंवा जागेवरून हलला की कॉम्प्रेसर थांबत नाही. कॉइल धुळीने बुजलेली असली तरी असंच होतं. तोवर वाटेत काय कराल? पाच मिनिटं एसीचं बटण बंद, ब्लोअर चालू. बर्फ वितळतो, गावी पोचता.

इथे आपल्या हवेचं एक लक्षात ठेवा. मेमध्ये आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की गाडीखाली पाणी जेमतेम ठिबकतं, इंजिनजवळच्या एसीच्या गार, जाड नळीलाही घाम फुटत नाही. पुण्या-मुंबईचे लोक सांगतात, "पाणी पडत नाही म्हणजे एसी गेला." आपल्याकडे तसं नाही, कोरड्या हवेत निथळायला पाणीच नसतं. श्रावणात मात्र पाणी पडायलाच हवं. तेव्हा बाहेर पडण्याऐवजी डाव्या सीटच्या पायपुसणीवर पडत असेल, तर पाणी जायची नळी चोंदली. ती गाडीखालून, इंजिनमागच्या पत्र्यापाशी रबराची नळी दिसते. हळूच मोकळी करा, तार खुपसू नका, वर कॉइल असते.

पळताना थंड, उभी राहिली की गरम

हाच माझा आजार, आणि खान्देशातल्या निम्म्या गाड्यांचा हाच असावा असं माझं मत आहे. पळत्या गाडीत समोरून वारा कंडेन्सरवर आपोआप आदळतो. उभ्या गाडीत तो वारा पंख्याने ओढायचा असतो. पंखा चालत नाही किंवा कंडेन्सर बुजलाय, दोनपैकी एक.

पंखा आधी बघा. इंजिन चालू, एसी चालू, बॉनेट उघडं. मिनिटभरात पंखा फिरला पाहिजे. काही गाड्यांना दोन असतात, दोन्ही बघा. फिरतच नसेल तर फ्यूज, मग रिले, म्हणजे पंख्याची वीज चालू-बंद करणारी छोटी डबी. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो. हॉर्नचा रिले त्याच मापाचा आणि त्याच नंबरचा असेल तर तो काढून पंख्याच्या जागी लावून बघा, पंखा फिरला तर रिले गेलाय, एवढंच. काही गाड्यांच्या पंख्याला दोन वेग असतात, हळू वेगाचा रेझिस्टर जळला की पंखा फक्त इंजिन तापल्यावर एकदम जोरात फिरतो, एसीसाठी फिरत नाही. हात लांब ठेवा. इंजिन बंद असलं तरी गरम गाडीत पंखा अचानक सुरू होऊ शकतो. शर्टाची बाही, ओढणी, गमछा, काही लोंबू देऊ नका.

माझा पंखा ठणठणीत होता. पुढची जाळीही स्वच्छ दिसत होती, म्हणून मी कधी संशय घेतला नाही. चाचांनी बंपरवरचं प्लॅस्टिक काढलं, बॅटरीचा दिवा तिरका धरला आणि म्हणाले, "आता बघ." कंडेन्सरच्या खालच्या अर्ध्या भागावर करड्या रंगाचा एक थर होता, हाताने सोलला तर गोधडीच्या चिंधीसारखा अखंड निघाला. कापूस! दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या भरून जातात, धरणगाव-पारोळ्याच्या जिनिंगकडे, वरचं ताडपत्रीबाहेर आलेलं उडत असतं, रस्त्याच्या कडेच्या बाभळींनाही कापूस लागलेला दिसतो. त्यांच्या मागून मी चार महिने गाडी चालवतो. तो कापूस पट्ट्यांत अडकतो, त्यावर धूळ बसते, किडे चिकटतात, पहिला पाऊस पडला की त्याचं नमदं होतं. आणि याहून वाईट थर आत होता, कंडेन्सर आणि त्यामागच्या रेडिएटरच्या मधल्या बोटभर फटीत, जो पुढून दिसतच नाही. कंडेन्सरमधून निसटलेले बारीक तंतू तिथे जाऊन बसतात. इंजिनसुद्धा त्यामुळेच जरा गरम धावत होतं, मी म्हणायचो, ऊन आहे.

साफ करायचं असं. गाडी रात्रभर थंड झालेली हवी. कोरडा कचरा आधी मऊ ब्रशने, वरून खाली, पट्ट्यांच्या दिशेने काढा. आडवा ब्रश मारलात तर त्या पापुद्र्यासारख्या पट्ट्या वाकतात, वाकली पट्टी म्हणजे बंद झालेली वाट. मग झाडांना पाणी घालायच्या पाइपने, साध्या धारेने, शक्य असेल तर मागून पुढे. आला त्या वाटेनेच कचरा बाहेर जायला हवा. वॉशिंग सेंटरवाल्याला तिथे बंदूक मारू देऊ नका, त्याच्या एका फटक्यात सगळ्या पट्ट्या लोळतात. फार तेलकट असेल तर भांड्यांच्या साबणाचं पातळ पाणी पुरतं, ॲसिड नको. मधल्या फटीत हात जात नसेल तर रेडिएटरचे वरचे दोन बोल्ट ढिले करून तो बोटभर मागे घ्यावा लागतो. हे माहीत नसेल तर मेकॅनिककडून करून घ्या, पण समोर उभे राहून.

माझ्या गाडीचा थर काढल्यावर त्याच दुपारी आकडे घेतले. पळताना १३, उभी असताना १७. चाचांनी जास्तीचा गॅस काढून मापात भरला तेव्हा उभ्याचे १५ झाले. तीन वेळच्या गॅसचे माझे साडेसहा हजार गेले होते, या कामाचे त्यांनी घेतले त्याच्या चौथ्या हिश्श्याहून कमी, आणि निम्मे पैसे गॅसचेच.

सकाळी ठीक, दुपारी बंद

हा आजार लोकांना फार चकवतो, कारण दुकानात संध्याकाळी गाडी नेली की एसी चालूच असतो. वारा पुरेसा येतोय पण अचानक गरम, तासभर थांबून परत निघालं की थंड. अशा वेळी कॉम्प्रेसरची क्लच प्लेट बघायची. पट्ट्याने चाक सतत फिरत असतं, एसी लावला की विजेच्या चुंबकाने पुढची प्लेट चाकाला चिकटते, 'टक्' असा आवाज येतो आणि कॉम्प्रेसर फिरायला लागतो. प्लेट झिजली की मधली फट वाढते. साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असायला हवी. थंडीत चुंबक एवढी फट ओढतो, पण तापला की त्याचा जोर कमी होतो आणि प्लेट सुटते. आमच्या स्टँडवरच्या एकाला याच दुखण्यासाठी नवा कॉम्प्रेसर घ्यायला सांगितलं होतं. चाचांनी प्लेट उघडून आतली एक पातळ चकती काढली, फट कमी केली, तीन उन्हाळे झाले गाडी चालतेय.

म्हणून बिघाड होईल त्याच वेळी, रस्त्याच्या कडेला, बॉनेट उघडून लांबूनच बघा. चाक फिरतंय पण मधली प्लेट थांबलीय, तर कॉम्प्रेसरपर्यंत वीज येत नाही किंवा क्लच धरत नाही. प्लेट फिरतेय आणि तरी गरम, तर बिघाड पुढे कुठेतरी. काही नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला क्लच नसतोच, तिथे ही 'टक्' ऐकायला जाऊ नका. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर बॉनेटखालच्या नारिंगी वायरींपासून लांबच राहा, त्यांत जीवघेणी वीज असते.

चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना एसी बंद पडला आणि वर सपाटीला सुरू झाला, तर लगेच घाबरू नका. इंजिन फार तापलं की गाडीच एसी बंद करते. नेहमी होत असेल तर मात्र एसी सोडून रेडिएटर, कूलंट आणि तोच पंखा बघा.

अजिबातच थंड नाही

गरम-थंडचा नॉब आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. वाऱ्यात काहीच फरक पडला नाही तर आतली हीटरची झडप अडकलेली असू शकते, किंवा तिची केबल निसटलेली. एसी बिचारा थंड करत असतो आणि हीटर मागून गरम करत असतो.

मग इंजिनजवळच्या दोन ॲल्युमिनियमच्या नळ्या, एक जाड, एक बारीक. एसी पाच मिनिटं चालल्यावर जाड नळी चांगली गार आणि बारीक कोमट-गरम हवी. बारीक नळी कॉम्प्रेसरजवळ भाजण्याइतकी गरम असते, म्हणून हात पत्र्याच्या बाजूला लावा, फिरता पट्टा आणि पंखा टाळून. दोन्ही सारख्याच असतील तर गॅस फिरत नाही. क्लच दर काही सेकंदांनी टक्-टक् लागतो-सुटतो, किंवा एका बाजूची जाळी थंड आणि दुसऱ्या बाजूची कोमट, ही मात्र खरी गॅस कमी असल्याची लक्षणं. इतकं बघून झाल्यावर मीसुद्धा म्हणतो, "गॅस बघा."

गॅस खरंच कमी असेल तर दुकानात काय मागायचं

इथून पुढचं काम घरी करायचं नाही. दाबातला गॅस अंगावर उडाला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर डोळा जाईल. गॅस भरायचा वॉल्व्ह नखाने दाबून "गॅस आहे का" बघणारे मी बघितलेत. तसं करू नका.

पण दुकानात तोंड उघडायला हरकत नाही. गाडी बंद असताना गेज, म्हणजे दाब मोजायचे दोन काटे, लावून कोणी म्हणेल "बघा, प्रेशर आहे, म्हणजे गॅस भरपूर आहे," तर ते खरं नव्हे. घरचा सिलिंडर आठवा. अर्धा असो की पाव, शेगडी तशीच जळते, किती उरलाय ते वजन केल्यावरच कळतं. इथेही तसंच. ४० अंशांच्या दिवशी इंजिन बंद असताना दोन्ही काटे १३० पीएसआयच्या आसपास दाखवतील, आत २०० ग्रॅम असो की ४५०. काटे वाचायचे ते इंजिन चालू ठेवून. निळा काटा कमी दाबाचा, लाल जास्त दाबाचा. दोन्ही फार खाली, तर गॅस कमी. दोन्ही चढलेले, तर कंडेन्सर बुजलाय, पंखा मंद आहे किंवा गॅस जास्त भरलाय. निळा वर आणि लाल खाली, तर कॉम्प्रेसर दमलाय. निळा शून्याच्याही खाली जायला लागला, तर वाटेत काहीतरी अडकलंय, बहुधा एक्स्पान्शन वॉल्व्ह. आपल्या उन्हाळ्यात लाल काटा २५० च्या वर जाणं नेहमीचं आहे, पुस्तकातल्या २५ अंशांच्या तक्त्याशी जुळवू नका.

गळती शोधल्याशिवाय गॅस भरू देऊ नका, हा एकच हट्ट धरा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं, म्हणून जिथे तेलकट आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसेल तिथे आधी संशय: नळ्यांचे सांधे, कॉम्प्रेसरचं तोंड, कंडेन्सरची खालची कड जिथे खडी लागते, आणि गॅस भरायचे वॉल्व्ह. त्या वॉल्व्हच्या प्लॅस्टिकच्या टोप्या दुकानात हरवतात, मागून घ्या. चांगला मेकॅनिक नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावतो, बुडबुडा दिसतो. सांधा उघडला की त्यातली रबराची ओ-रिंग नवीन, आणि यंत्रणा बराच काळ उघडी राहिली असेल तर ओल शोषणारा ड्रायरसुद्धा नवीन. त्यानंतर व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओल ओढून घेणं, निदान अर्धा तास. ओल राहिली तर ती एक्स्पान्शन वॉल्व्हच्या भोकात गोठते आणि पुन्हा तेच दुखणं. पंप बंद करून काटा पंधरा मिनिटं हलत नाही हे डोळ्यांनी बघा. मग गॅस वजनकाट्यावर, स्टिकरवर छापला तेवढा. "हाताला थंड लागेपर्यंत भरतो" म्हणणाऱ्याकडून मी गाडी परत आणतो.

स्वस्तातला म्हणून स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा काही भरतात, तो पेटतो. गळती बुजवायचं औषधही मिळतं, ते गळतीबरोबर वॉल्व्हही बुजवतं. मी दोन्हीला हात जोडले.

आणि हिवाळ्यात एसी पूर्ण बंद ठेवू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपण बटणाला हात लावत नाही, आतल्या रबराच्या सीलना तेल मिळत नाही, ती सुकतात आणि मार्चमध्ये गळायला लागतात. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालवा. पहाटेच्या भाड्याला काचेवरचं धुकंही त्यानेच जातं.

कापसावर मी एक उपाय करून बघितला होता. खिडकीला लावतात ती डासांची जाळी कापून बंपरच्या आत बसवली. पहिल्या आठवड्यात भारी वाटलं. पंधरा दिवसांनी बघतो तर सगळा कापूस त्या जाळीवरच, आणि वारा आधीपेक्षा कमी. कटर घेऊन काढून टाकली. आता दिवाळी ते होळी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, चहाच्या आधी, बॉनेट उघडतो, बॅटरी तिरकी धरतो आणि पाइप लावतो. वीस मिनिटं लागतात.